चीज बोर्ड कसा मांडावा, कसा वाढावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाहुणे येणार म्हटलं की बोर्डवर काय काय ठेवायचं याची यादी वाढत जाते: द्राक्षं, जॅम, तीन तऱ्हेचे क्रॅकर्स, फुलं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट, ते चीज मात्र थंडगार अवस्थेत थेट टेबलावर येतं. खालच्या उत्तरांमध्ये माझा कल लपलेला नाही. चीज मोजकं असावं, योग्य तापमानाला आलेलं असावं आणि पाहुण्याला अवघडल्याशिवाय कापून घेता यावं. सजावट त्यानंतर.

किती प्रकारचं चीज ठेवावं?

तीन ते पाच. सहा-आठ जणांसाठी तीन प्रकार अगदी पुरेसे होतात, दहा-बारा जण असतील तर चार किंवा पाच. त्यापुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. सात-आठ प्रकार मांडले की प्रत्येकाचा तुकडा लहान घ्यावा लागतो, लहान तुकडे कडेने लवकर सुकतात, आणि पाहुणे सगळ्यांतलं चिमूटभर चाखत राहतात. शेवटी कुठलं आवडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

एकच चीज ठेवलं तरी बोर्ड होतो. नीट पिकलेल्या मऊ कॅमेंबर्टची अख्खी चकती किंवा कोंते या कडक फ्रेंच चीजचा अर्धा किलोचा घसघशीत तुकडा, सोबत चांगला पाव आणि एखादं फळ. मोठ्या तुकड्याला जी ऐट असते ती दहा छोट्या तुकड्यांना येत नाही.

मग निवड कशी करावी?

आधी पोत बघा. एक मऊ, एक मध्यम किंवा कडक, एक निळं, म्हणजे निळ्या बुरशीच्या शिरा असलेलं: हा पाया. चौथं घ्यायचं तर ताजं, शेळीच्या दुधाचं घ्या. मग दुधाकडे बघा. सगळी चीज गायीच्या दुधाची असतील तर चवींमध्ये एक सारखेपणा येतो. शेळीच्या दुधाला आंबूस, किंचित हिरवट चव असते. मेंढीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे त्याचं चीज जिभेवर भरीव आणि गोडसर लागतं. निदान दोन प्रकारची दुधं बोर्डवर असावीत.

पहिल्यांदाच मांडत असाल तर हा संच बिनधास्त घ्या: शेळीच्या दुधाचं ताजं चीज, ब्री, कोंते किंवा ग्रुयेर, आणि रोकफोर किंवा स्टिल्टन. ज्यांना निळ्या चीजची सवय नाही अशा पाहुण्यांसाठी गोर्गोन्झोलाचा मऊ, गोडसर प्रकार जास्त सोपा जातो.

आणखी एक पद्धत मला फार आवडते: एकच चीज, वेगवेगळ्या वयाचं. काही आठवड्यांचं गौडा, वर्षभराचं गौडा आणि दोन-तीन वर्षं मुरलेलं गौडा शेजारी शेजारी ठेवा. पहिलं फिकट, लवचीक आणि दुधाळ. शेवटचं गडद पिवळं, ठिसूळ, कॅरॅमलच्या वळणावर जाणारं. मुरणं म्हणजे काय हे पाहुण्यांना एका घासात कळतं आणि गप्पांना विषय मिळतो.

एवढे वेगवेगळे प्रकार मुळात होतात कशामुळे?

सुरुवात सगळ्यांची एकच. दुधात जिवाणूंचं विरजण आणि रेनेट (दूध साकळवणारं एन्झाइम) घालून ते साकळवतात, मग निवळी काढून टाकतात. किती निवळी काढली, किती दाबलं, किती मीठ घातलं आणि किती काळ कशा हवेत मुरवलं, यावर पुढचं सगळं ठरतं. ताज्या चीजमध्ये पाणी भरपूर असतं आणि ते काही दिवसांत खायचं असतं.

ब्री आणि कॅमेंबर्टच्या अंगावर जी पांढरी मखमल दिसते ती पेनिसिलियम कॅमेंबर्टी ही बुरशी. ती चीजला बाहेरून आत पिकवत नेते. म्हणून अर्धवट पिकलेली ब्री कापली की सालीलगत लोण्यासारखा मऊ थर आणि मधोमध खडूसारखी पांढरी रेघ दिसते. पूर्ण पिकली की ती रेघ नाहीशी होते.

निळ्या चीजमध्ये पेनिसिलियम रोकफोर्टी असते. तिला वाढायला हवा लागते, म्हणून चीजला लांब सुयांनी भोकं पाडतात आणि त्या वाटांनी निळ्या-हिरव्या शिरा पसरतात. कापलेल्या तुकड्यात पुष्कळदा सुईची सरळ रेघ स्पष्ट दिसते. पाहुण्यांना ती जरूर दाखवा. खरं रोकफोर मेंढीच्या दुधाचंच असतं आणि दक्षिण फ्रान्समधल्या कोंबालू डोंगराच्या गुहांमध्ये मुरवलं जातं. 1925 साली फ्रान्सने कायद्याने त्याचं नाव राखीव केलं. स्टिल्टनचंही तसंच आहे: डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहमशर या तीन इंग्लिश परगण्यांबाहेर केलेल्या चीजला ते नाव लावता येत नाही.

तालेज्जो, एपुआस, लिंबर्गर ही मुरताना मिठाच्या पाण्याने वरचेवर पुसली जातात. त्यातून अंगावर नारिंगी जिवाणू वाढतात आणि तो प्रसिद्ध वास येतो. एमेंटलची भोकं पडतात ती प्रोपिऑनिक जिवाणूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. आणि पार्मिजानो रेज्जानोचं चाळीस किलोच्या आसपासचं एक चाक करायला पाचशे लिटरहून जास्त दूध लागतं, आणि ते कमीत कमी 12 महिने मुरवावं लागतं. खाताना दाताखाली जे बारीक कुरकुरीत कण येतात ते मिठाचे नसतात. प्रथिनं फुटून सुट्या झालेल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे ते स्फटिक आहेत, आणि ते नीट मुरल्याची खूण आहे.

माणशी किती चीज धरावं?

जेवणाआधी किंवा जेवणानंतर ठेवणार असाल तर सगळे प्रकार मिळून माणशी 50 ते 60 ग्रॅम. बोर्ड हेच जेवण असेल तर 120 ते 150 ग्रॅम. कडक आणि मध्यम चीज जास्त संपतं, निळं सगळ्यांत कमी. त्यामुळे सारखे भाग करू नका. आठ जणांसाठी जेवणाआधीचा बोर्ड असेल तर कोंते 180 ग्रॅम, ब्री 150 ग्रॅम आणि निळं 100 ग्रॅम, असा हिशोब बसतो.

विकत घेताना काय बघावं?

शक्य असेल तिथे मोठ्या चाकातून समोर कापून घ्या आणि चव मागा. चांगले विक्रेते चव देतातच. अगोदर कापून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या तुकड्यात आत पाणी सुटलेलं नसावं, कडा काळपट पडलेल्या नसाव्यात. ब्री-कॅमेंबर्ट मधोमध बोटाने हलकेच दाबून बघा. मध्यभागही कडेइतकाच मऊ लागला तर ते आजच्यासाठी तयार आहे. घट्ट लागलं तर अजून काही दिवस हवेत. अमोनियाचा हलका वास गुंडाळी उघडल्यावर थोड्या वेळात उडून जातो. तो नाकात झोंबत असेल आणि जात नसेल तर चीज फार पुढे गेलंय.

खरेदी एक-दोन दिवस आधी करावी, आठवडाभर आधी नको. किसलेलं पाकीट बोर्डसाठी घेऊ नये: किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यात स्टार्च किंवा सेल्युलोज घातलेलं असतं.

प्रोसेस्ड चीज ठेवलं तर चालेल का?

नको. ते वितळण्यासाठी बनवलेलं असतं. चीज वितळवून, इमल्सिफायर क्षार घालून एकजीव केल्यामुळे त्याची चव पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकच राहते. सँडविचसाठी ते उत्तम आहे. बोर्डवर त्याच्यापेक्षा साधं, मुरलेलं चेडर कितीतरी पटीने चांगलं.

फ्रिजमधून कधी बाहेर काढायचं?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. थंड चीजमधला स्निग्धांश घट्ट असतो आणि वास-चवीचे घटक मोकळे होत नाहीत. एकाच कोंतेचे दोन तुकडे घ्या, एक फ्रिजमधून आताच काढलेला आणि एक तासभर बाहेर राहिलेला. पहिला रबरासारखा लागेल, खारट आणि एकसुरी. दुसऱ्याच्या अंगावर बारीक चकाकी आलेली असेल, तो बोटांमध्ये किंचित वाकेल, आणि तोंडात भाजलेल्या अक्रोडाची, लोण्याची, उकडलेल्या दुधाची चव एकामागून एक येत राहील.

कडक आणि मध्यम चीज तासभर आधी काढा. ब्री, कॅमेंबर्ट, निळं अर्धा ते पाऊण तास. ताजं शेळीचं चीज वीस मिनिटं पुरतात, मोझरेला आणि फेटालाही तेवढीच. मोठा तुकडा असेल तर थोडा जास्त वेळ द्या, उकाडा असेल तर कमी. काढल्यावर गुंडाळी लगेच सोडू नका. नुसती सैल करा. तुकडा उघडा राहिला की वरचा थर सुकून तेलकट होतो.

आणि किती वेळ बाहेर राहिलेलं चालतं?

मऊ आणि ताजं चीज दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये. खोलीचं तापमान 32 अंश सेल्सियसच्या वर असेल तर एक तासच. कडक चीजला जास्त वेळ बाहेर राहिल्याने धोका कमी, पण तेही तेल सोडू लागतं आणि केविलवाणं दिसतं. मेळावा लांबणार असेल तर प्रत्येक चीजचा अर्धा भाग फ्रिजमध्येच ठेवा आणि पहिला संपत आला की दुसरा काढा. बोर्ड पुन्हा भरलेला दिसतो आणि वायाही कमी जातं.

बोर्ड कशाचा असावा?

लाकूड सगळ्यांत सोयीचं: सुरीची धार बोथट होत नाही, तुकडा घसरत नाही. फक्त कांदा-लसूण कापायचा पाट वापरू नका. तो वास चीज लगेच उचलतं. संगमरवर थंड राहतो, त्यामुळे मऊ चीज त्यावर लवकर पसरत नाही. काळी स्लेट सुंदर दिसते आणि तिच्यावर खडूने नावं लिहिता येतात, पण सुरीचा आवाज कानाला खुपतो. मोठं, सपाट ताट असेल तरी काही अडत नाही. आकार मात्र मोठा घ्या. चीजभोवती कापायला जागा नसेल तर बोर्ड कितीही सुंदर असला तरी पाहुणे हात आखडता घेतात.

मांडायला कुठून सुरुवात करू?

चीजपासून. तुकडे एकमेकांपासून जितके दूर ठेवता येतील तितके ठेवा, टोकं वेगवेगळ्या दिशांना. निळं आणि उग्र वासाचं चीज बाकीच्यांपासून लांब. जमलं तर वेगळ्या ताटलीत, कारण त्याची चव शेजाऱ्याला लागते आणि एकदा निळ्याची सुरी ब्रीत गेली की ब्री ब्री राहत नाही. प्रत्येक चीजची कापायची बाजू बोर्डच्या कडेकडे वळवा. पाहुण्याचा हात दुसऱ्या तुकड्यावरून जायला लागू नये.

मग वाट्या: मध, मुरंबा, ऑलिव्ह, जे ओलं किंवा चिकट आहे ते. त्यानंतर फळं. द्राक्षांचा घड अख्खा ठेवू नका, कात्रीने चार-पाच द्राक्षांचे झुबके करा म्हणजे एका हाताने उचलता येतात. शेवटी सुकामेवा, फटींमध्ये. सगळ्या फटी भरल्याच पाहिजेत असं नाही. कडेपासून कडेपर्यंत ठासून भरलेल्या बोर्डची टूम आहे खरी, पण त्यात पहिला पाहुणा सुरी घालायलाच कचरतो, आणि घातली की चार गोष्टी घरंगळतात. लाकडाचा थोडा भाग दिसू द्या. पानं-फुलं ठेवायचीच असतील तर खाण्याजोगी आणि फवारणी न केलेली हवीत. रोझमेरीची एखादी काडी पुरते.

क्रॅकर्स बोर्डवर पसरू नयेत. चीजच्या ओलाव्याने ते मऊ पडतात. वेगळ्या टोपलीत ठेवा.

चीज आधीच कापून ठेवावं का?

थोडं. कडक चीजचे दहा-बारा काप करून बाकीचा तुकडा तसाच शेजारी ठेवावा. त्याने दोन गोष्टी साधतात: पहिल्यांदा हात घालण्याचा संकोच जातो, आणि कसं कापायचं ते पाहुण्यांना न सांगता कळतं. मऊ आणि निळं चीज मात्र अख्खं राहू द्या, फक्त एक काप काढून ठेवा. सगळं चौकोनी तुकड्यांत कापून टूथपिक टोचलेलं चीज लवकर सुकतं, शिवाय कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही.

प्रत्येक आकार कसा कापायचा?

तत्त्व एकच: प्रत्येकाच्या वाट्याला थोडा मध्य आणि थोडी कड यावी. छोटी गोल चकती, उदाहरणार्थ कॅमेंबर्ट, मध्यापासून बाहेर अशा पाचरींमध्ये कापतात.

ब्रीची पाचर हे सगळ्यांत नाजूक प्रकरण. तिचं टोक म्हणजे मूळच्या मोठ्या चाकाचा मध्य, सर्वांत मऊ आणि साल सर्वांत कमी असलेला भाग. कुणी ते टोक आडवं कापून घेतलं की पुढच्यांना सालीकडचाच भाग उरतो. फ्रान्समध्ये हे असभ्य मानतात. म्हणून सुरी टोकाजवळ ठेवायची आणि लांब कडेला समांतर, टोकापासून मागच्या सालीपर्यंत एक लांब निमुळता काप काढायचा. पुढचा काप दुसऱ्या कडेने. असं आलटून पालटून कापत गेलं तर शेवटपर्यंत पाचरीचा आकार टिकतो आणि बोर्ड विस्कटलेला दिसत नाही. सुरी पातळ हवी, आणि दर काही कापांनी पुसून घ्यावी.

निळ्या चीजची पाचर आडवी ठेवून पातळ कडेच्या मध्यबिंदूपासून पंख्यासारखे काप काढतात, म्हणजे प्रत्येकात शिरा येतात. कोंते, ग्रुयेर यांच्या पाचरीचे टोकाकडून अर्ध्यापर्यंत आडवे काप आणि सालीकडच्या उरलेल्या भागाचे उभे. शेळीच्या चीजची नळी गोल चकत्यांमध्ये. सुरीपेक्षा ताणून धरलेला दोरा जास्त सफाईने काम करतो. सँत-मोर द तुरेन या चीजच्या मधोमध गवताची काडी असते, ती आधी ओढून काढावी. पार्मिजानो कापायचं नाही, फोडायचं: आखूड, बदामी आकाराची सुरी खुपसून किंचित पिळली की ते स्वतःच्या कणांच्या रेषेत तुटतं.

किती सुऱ्या लागतील?

प्रत्येक चीजला एक. खास संच असायलाच हवा असं नाही. मऊ चीजसाठी छोटी पातळ सुरी, कडकासाठी जाड पात्याची, निळ्यासाठी लोणी लावायची चालेल. गौडासारख्या मध्यम चीजसाठी नॉर्वेत निघालेला, 1925 साली पेटंट झालेला फटीचा स्लाइसर आजही तोडीस तोड आहे. त्याने निघणारे कागदासारखे पातळ काप चवीला जाड तुकड्यापेक्षा वेगळे लागतात.

साल खायची की काढायची?

ब्री-कॅमेंबर्टची पांढरी साल खायची असते, चवीचा तो भाग आहे. तालेज्जोसारख्यांची नारिंगी साल खाता येते, पण ती खारट आणि कधी किरकिरीत लागते, आवडीनुसार. वालांसे या शेळीच्या चीजवरची राखाडी राख खाण्याजोगी असते, मॉर्बिए या चीजच्या मधली काळी रेघही. मेण, कापड, कागद काढून टाकायचं. कडक चीजची जाड साल विषारी नसते, पण चावत नाही. पार्मिजानोची मात्र टाकू नका, सूप उकळताना त्यात सोडा.

सोबत काय काय ठेवावं?

एक गोड, एक आंबट, एक कुरकुरीत. एवढं लक्षात ठेवलं की यादीची गरज राहत नाही. निळ्या चीजच्या खारटपणावर मध घातला की दोन्हींची चव उठते. बोर्डवर एकच जोडी दाखवायची असेल तर मी हीच दाखवीन. मांचेगोबरोबर स्पेनमध्ये क्विन्स फळाची घट्ट, कापता येणारी वडी देतात. चेडरला सफरचंद, निळ्याला पेअर, शेळीच्या चीजला ताजं अंजीर किंवा बीट. सफरचंद-पेअरच्या फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून काढल्या की काळ्या पडत नाहीत. फळं पुसून कोरडी करूनच बोर्डवर ठेवा.

आंबटासाठी व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या काकड्या किंवा कांदे. स्निग्ध चीज खाऊन जीभ जड झाली की तेच पुन्हा भूक जागवतात, आणि बहुतेक बोर्डांवर नेमके तेच नसतात. कुरकुरीतासाठी अक्रोड, बदाम. कोरडे भाजून, पूर्ण गार करून.

संत्रं, अननस असली फार रसाळ आणि आंबट फळं मी टाळते. त्यांच्यापुढे नाजूक चीजची चव फिकी पडते.

पाव चांगला की क्रॅकर्स?

मऊ चीजला कुरकुरीत कवचाचा पाव, कडकाला काहीच नसलं तरी चालतं. क्रॅकर्स साधे घ्या. लसूण, मिरी, हर्ब घातलेले क्रॅकर्स चीजशी भांडतात.

पेय कोणतं द्यावं?

रेड वाइनच हवी हा समज आहे. तिच्यातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, मऊ, स्निग्ध चीजबरोबर पुष्कळदा कडवट लागतं; पांढऱ्या वाइन जास्त चीजशी जमवून घेतात. शेळीच्या चीजला सोव्हिन्यों ब्लाँ, स्टिल्टनला पोर्ट, रोकफोरला सोटर्नसारखी गोड वाइन, या जोड्या जुन्या आहेत आणि उगाच टिकलेल्या नाहीत. मुरलेल्या चेडर-गौडाला बिअर उत्तम.

मद्य नको असेल तर थंड सफरचंदाचा रस किंवा बिनदुधाचा, फार कडक नसलेला काळा चहा. गरम चहा तोंडातला स्निग्धपणा धुऊन काढतो आणि कोंतेसारख्या चीजचा खमंगपणा खुलवतो. साधं पाणी तर हवंच, चीज खारट असतं.

बोर्ड जेवणाआधी द्यावा की नंतर?

दोन्ही रूढ आहे. फ्रान्समध्ये मुख्य जेवण आणि गोड पदार्थ यांच्या मध्ये येतो, इंग्लंडमध्ये परंपरेने गोडानंतर. जेवणाआधी देणार असाल तर प्रमाण कमी ठेवा आणि फार उग्र चीज नको, नाहीतर पुढच्या जेवणावर अन्याय होतो. खाण्याचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे: ताजं, मऊ, कडक, मग नारिंगी सालीचं, शेवटी निळं. मांडतानाच चीज याच क्रमाने गोलात ठेवली आणि कुठून सुरू करायचं ते बोलता बोलता सांगितलं की झालं.

नावांच्या चिठ्ठ्या लावाव्यात का?

जरूर. नाव, दूध कुठलं, कच्चं की पाश्चराइज्ड आणि रेनेट कुठलं. चार शब्द. शाकाहारी किंवा पथ्य असलेल्या पाहुण्याला चारचौघांत विचारावं लागत नाही, यापेक्षा मोठं आतिथ्य नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी काय बघायचं?

रेनेट. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात, आणि काही चीजच्या नियमांत तेच वापरणं बंधनकारक आहे. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो, ग्रुयेर ही त्यांतली. म्हणजे अस्सल पार्मिजानो शाकाहारी नसतं. ग्राना पादानोमध्ये बऱ्याचदा अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइमही असतं. वेष्टनावर ‘मायक्रोबियल रेनेट’, ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असं लिहिलेलं शोधा. बरीच चेडर, गौडा, ब्री आणि ताजी चीज तशी मिळतात. पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला तर काटेरी कार्डून फुलांच्या अर्काने साकळवतात. मेंढीच्या दुधाचं, आतून चमच्याने खाण्याइतकं मऊ. मिळालं तर तेच बोर्डचं मुख्य आकर्षण करा.

नुसतं ‘रेनेट’ किंवा ‘एन्झाइम्स’ लिहिलं असेल तर विक्रेत्याला विचारा. खात्री झाली नाही तर ते चीज शाकाहारी म्हणून मांडू नका.

पाहुण्यांत कुणी गरोदर असेल तर?

लिस्टेरिया या जिवाणूमुळे गरोदरपणात ब्री-कॅमेंबर्टसारखी पांढऱ्या बुरशीची मऊ चीज, मऊ निळी चीज आणि कच्च्या दुधाची मऊ चीज न खाण्याचा सल्ला देतात. चेडर, पार्मिजानो, ग्रुयेरसारखी कडक चीज चालतात. त्यांच्यासाठी वेगळी छोटी ताटली आणि वेगळी सुरी ठेवा. एकाच बोर्डवर सुऱ्या इकडच्या तिकडे होतातच. लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले पाहुणे यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी.

दूध न पचणारे पाहुणे चीज खाऊ शकतात का?

लॅक्टोजचा त्रास असेल तर बऱ्याचदा हो. लॅक्टोज मुख्यतः निवळीबरोबर निघून जातं आणि उरलेलं जिवाणू संपवतात, त्यामुळे जुन्या, कडक चीजमध्ये ते नगण्य असतं. ताज्या चीजमध्ये मात्र असतं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. त्यांना कुठलंच चीज देऊ नये. सुकामेव्याची ॲलर्जी कुणाला असेल तर अक्रोड-बदाम बोर्डवर न पसरता दूर वेगळ्या वाटीत.

गरम काही ठेवता येईल का?

कॅमेंबर्ट भाजा. कागद आणि प्लास्टिक पूर्ण काढून चीज ओव्हनमध्ये चालणाऱ्या छोट्या भांड्यात ठेवा, वर सुरीने चिरा द्या, थाइमची काडी खोचा आणि 180 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. लगेच पावाबरोबर द्या. दहा मिनिटांत ते पुन्हा घट्ट व्हायला लागतं, तेव्हा पाहुणे टेबलाशी आल्यावरच ओव्हनमधून काढा.

उरलेलं चीज कसं ठेवायचं?

मेणकागदात किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळून, मग डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. प्लास्टिकची घट्ट पिशवी नको: ओल कोंडते, चीजला तिचाच वास लागतो. निळं फॉइलमध्ये, बाकीच्यांपासून वेगळं. फेटा आणि मोझरेला आपापल्या पाण्यात. डीप फ्रीज केलं तर पोत भुसभुशीत होतो. ते मग फक्त शिजवायला वापरावं. बोर्डवर दोन तासांहून जास्त राहिलेलं मऊ चीज साठवू नका.

लहानसहान तुकडे उरले तर फ्रान्समधल्या घरांत करतात तसं करा: साली काढून सगळे तुकडे थोडा लसूण, मिरी आणि पांढरी वाइन घालून वाटतात. याला फ्रोमाज फोर म्हणतात. टोस्टवर लावून ग्रिलखाली धरलं की मस्त फुगतं. निळं त्यात बेतानेच घाला.

साठवलेल्या चीजवर बुरशी आली तर टाकून द्यायचं का?

चीज किती कडक आहे त्यावर. चेडर, पार्मिजानो, ग्रुयेर यांच्यावर एखाद्या जागी आली असेल तर तो भाग भोवतालच्या अडीच सेंटिमीटरसकट कापून टाका; सुरी बुरशीला लागू देऊ नका आणि उरलेला तुकडा नव्या कागदात गुंडाळा. ताज्या आणि मऊ चीजवर मूळची नसलेली बुरशी दिसली, ब्रीवर हिरवी किंवा गुलाबी, तर अख्खं टाकून द्या. ओलाव्यामुळे ती आतपर्यंत पोचलेली असते. किसलेल्या आणि चुरलेल्या चीजचंही तेच.